एल्कसाठी काडतूस, काडतुसासाठी पावडर: जानेवारी ते ऑक्टोबरच्या नोंदी

७ जानेवारी, फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो

यंदा विकतची काडतुसं घ्यायची नाहीत, घरच्या बाकावर भरायची, असं ठरवलं. पिस्तुलाची काडतुसं मी चार वर्षं भरतो आहे, पण शिकारीच्या रायफलीसाठी पहिल्यांदाच. रायफल जुनीच, विंचेस्टर मॉडेल ७०, २२ इंची नळी, थर्टी-ऑट-सिक्स. हे काडतूस अमेरिकी लष्कराने १९०६ मध्ये स्वीकारलं. नावातला ‘सिक्स’ तिथूनच आला.

गोळी आधी ठरली. बार्न्स कंपनीची १६८ ग्रेनची तांब्याची (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम). शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात, आणि ते मांस आमच्या घरात वर्षभर शिजतं. मुलांच्या ताटात शिसं नको, या एका मुद्द्यावर तांबं घेतलं. कोलोरॅडोच्या नियमाप्रमाणे एल्कसाठी, म्हणजे इथल्या मोठ्या हरणासाठी, किमान ६ मिलिमीटरची नळी, ८५ ग्रेनची पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा लागते. आपलं काडतूस त्याच्या बरंच पुढे आहे, त्यामुळे ताकदीची चिंता नाही.

चिंता पावडरची, म्हणजे काडतुसातल्या बिनधुराच्या दारूची आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मैदानात प्रॉन्गहॉर्न या हरणासारख्या जनावराच्या मागे घाम गाळायचा आणि महिनाअखेरीला एल्कसाठी वॉल्डेनजवळच्या डोंगरात पहाटे बोटं बधिर व्हायची. दोन्हीकडे तेच काडतूस, तीच रायफल. म्हणून मला सगळ्यात वेगवान पावडर नको आहे. उन्हात आणि बर्फात सारखीच वागेल अशी हवी आहे. या वर्षाचं काम एवढंच.

१३ जानेवारी

आठवडाभर काडतुसं भरण्याची दोन मॅन्युअलं शेजारी शेजारी ठेवून वाचली.

बिनधुराची दारू म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. काहींत सोबत नायट्रोग्लिसरीनही असतं, त्यांना डबल-बेस म्हणतात. दाण्याचा आकार आणि त्यावरचं लेपण यांवर जळण्याचा वेग ठरतो. लांबट, शेवयांच्या तुकड्यांसारख्या दाण्याला मधून आरपार भोक असतं. दाणा बाहेरून जळत लहान होतो तेव्हा आतलं भोक मोठं होत जातं, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग फारसा कमी होत नाही आणि गोळी नळीतून पुढे जात असताना मागचा रेटा टिकतो. बॉल पावडरचे दाणे मोहरीसारखे गोल किंवा चपटे. त्यात ही सोय नाही, सगळी भिस्त लेपणावर.

पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) मोठी आणि नळी अरुंद असेल तर हळू जळणारी दारू लागते. पुंगळी लहान असेल तर जलद. थर्टी-ऑट-सिक्स मधली आहे. दुसऱ्या महायुद्धातलं लष्करी काडतूस ४८९५ क्रमांकाच्या पावडरवर चालायचं, आणि दारूच्या वायूने आपोआप चालणाऱ्या जुन्या गरँड रायफलींत आजही त्याच जातीची पावडर घालतात. हळू पावडरने तिथे वायूच्या भोकाशी दाब जास्त येतो आणि आतला दांडा वाकतो. माझी रायफल बोल्टची, म्हणजे दर गोळीला हाताने मूठ ओढून चालवायची, तिला ती अडचण नाही. १६८ ग्रेनच्या गोळीसाठी ४३५० च्या वर्गातली पावडर दोन्ही मॅन्युअलांत वरच्या ओळींत आहे.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो. आयएमआर ४३५०, एच४३५० आणि अ‍ॅक्युरेट ४३५० या तीन वेगळ्या पावडरी आहेत. आकडा एकच असला तरी एकीचं वजन दुसरीला लावायचं नाही. जळण्याच्या वेगाच्या तक्त्यात दोन नावं शेजारी असली म्हणजे ती एकमेकांच्या जागी चालतात असं नव्हे. तक्ता फक्त क्रम सांगतो, अंतर सांगत नाही.

भरणीचं वजन मी या नोंदींत कुठेही लिहिणार नाही. ते आपल्या गोळीच्या आणि पावडरच्या चालू मॅन्युअलमधून ज्याने त्याने स्वतः घ्यावं, खालच्या आकड्यापासून सुरू करावं. दुसऱ्याच्या वहीतला आकडा आपल्या रायफलीत घालू नये, माझ्या वहीतलाही नाही.

२० जानेवारी

तीन डबे आणले, एकेक पौंडाचे: एच४३५०, व्हार्गेट आणि विंचेस्टर ७६०. पहिल्या दोन लांबट दाण्याच्या, ऑस्ट्रेलियात बनतात, आणि तापमानाने कमी बदलतात अशी त्यांची ख्याती आहे. ७६० ही बॉल पावडर. मापयंत्रातून पाण्यासारखी वाहते, पुंगळीत छान बसते आणि मॅन्युअलमध्ये वेगही चांगला दाखवते. एच४१४ म्हणजे हीच पावडर, दुसऱ्या नावाने. दुकानात एच४३५० चे दोनच डबे उरले होते आणि दोन्हींचा लॉट नंबर एक. मी एकच घेतला. घरी आल्यावर चुटपुट लागली, परत गाडी काढली आणि दुसराही घेऊन आलो. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे फार तर शंभर-सव्वाशे काडतुसं. चाचणीतच डबा संपेल, आणि नवा लॉट आला की पुन्हा खालपासून सुरुवात.

२८ जानेवारी

पहिली भरणी. रात्री मुलं झोपल्यावर.

बाकावर एका वेळी एकच डबा, बाकीचे दोन कपाटात कुलूपबंद. पुंगळ्या मापाला आणल्या, लांबी व्हर्नियरने तपासली. कमाल २.४९४ इंच, मी २.४८४ वर कापतो. प्रायमर, म्हणजे बुडातली दारू पेटवणारी टोपी, बसवले. मग वजन.

ग्रेन हे फार लहान माप आहे. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन. माझा काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवतो. पारड्यात शेवटचे दाणे चिमटीने टाकत होतो. एक टाकला, आकडा हलला नाही. दुसरा, तिसरा, तरी तोच. चौथ्या-पाचव्या दाण्याला आकडा एकाने पुढे गेला. करड्या रंगाचे, ग्रॅफाइटने चमकणारे, तांदळाच्या कणीहून बारीक दाणे. ट्यूबलाइटखाली बघितलं तर तुटलेल्या टोकाला ते भोक दिसतं.

अनघा शेजारी बसून मॅन्युअल मोठ्याने वाचत होती, मी वहीतला आकडा वाचायचो. दोघांचे जुळले की पुढे. मध्येच ती म्हणाली, “अरे, डब्यावरचं नाव वाच आधी, आकडा नंतर.” तिचं बरोबर होतं. आकडा जुळला आणि डबा चुकला तर त्या जुळण्याला काही अर्थ नाही. तेव्हापासून आमचा क्रम नाव, आकडा, वजन असा झाला.

भरलेलं काडतूस कानाजवळ हलवून बघितलं. ७६० वालं किंचित खुळखुळतं. एच४३५० वालं मुकं, दारू गोळीच्या बुडापर्यंत आलेली. तांबं शिशाहून हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत जास्त जागा खाते. काठोकाठ भरलेल्या पुंगळीचा एक मोठा फायदा आहे. चुकून दुप्पट भरली तर ती सांडते, लपून राहत नाही. आणि काडतूस आडवं असो की उभं, दारू प्रायमरपासून तेवढीच जवळ असते.

आजोबांची आठवण आली. सिंधुदुर्गात आमच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. काळी दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ते ती मापट्याने घालायचे, तोलायचे नाहीत. काळ्या दारूला ते चालतं. माझ्या समोरच्या दारूला ते मुळीच चालत नाही, आणि ही दारू ठासणीच्या बंदुकीत घातली तर नळी फुटते. मराठीत दोन्हींना दारूच म्हणतो, म्हणून मी लिहिताना बिनधुरीला शक्यतो पावडर म्हणतो.

११ फेब्रुवारी, पॉनी गवताळ प्रदेश

पहिला गोळीबार. तिन्ही पावडरी, खालच्या आकड्यापासून अर्ध्या ग्रेनच्या पायऱ्यांनी वर. प्रत्येक पायरीला तीन गोळ्या, नळी थंड होऊ देत. सोबत गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ.

व्हार्गेट आजच गळली. शांत, एकसारखी, पण मॅन्युअलच्या वरच्या आकड्याच्या जवळ जाऊनही २,६९० फूट प्रति सेकंदापुढे जाईना. या काडतुसाला आणि एवढ्या जड गोळीला ती जरा जलद पडते. तिच्याविषयी तक्रार नाही. मित्राच्या .३०८ रायफलीसाठी डबा देऊन टाकला.

७६० ने तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकता येतील अशा मारल्या. १०० यार्डांवर जेमतेम ०.६ इंच. एच४३५० ने १.१ इंच. शेजारच्या बाकावरचे निवृत्त गृहस्थ दुर्बिणीतून बघून म्हणाले, “तुमचं काम झालं, हीच भरा.” मोह मलाही झाला होता. पण तीन गोळ्या म्हणजे तीनच. याच भरणीच्या आणखी सात मारल्या. दहा गोळ्यांचा पसारा १.७ इंच झाला. मग एच४३५० च्या दहा मारल्या, १.४ इंच. ०.६ चं ते छिद्र सुंदर होतं, पण ते खरं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

वाईट दिवस. कालच्या ७६० च्या वेगांत एका पायरीला उडी होती, अर्धा ग्रेन वाढवला आणि वेग नेहमीच्या दुपटीने वाढला. कारण सापडेना. शेवटी काट्यावर ५० ग्रेनचं प्रमाण-वजन ठेवलं, तर ४९.७ दाखवला. म्हणजे मी समजत होतो त्यापेक्षा ०.३ ग्रेन जास्त भरत होतो. त्या रात्री हीटरचा झोत बाकावर येत होता आणि काटा पुरेसा वेळ चालू न ठेवताच मी वजनाला बसलो होतो. चूक माझी.

उरलेल्या वीस काडतुसांच्या गोळ्या उपसल्या. दारू डब्यात परत न ओतता बाजूला काढली. आता काटा अर्धा तास आधी लावायचा, दर दहा काडतुसांनी प्रमाण-वजन, आणि हीटर बंद. मी वरच्या आकड्याच्या खाली होतो म्हणून ०.३ ग्रेनने काही बिघडलं नाही. वरच्या आकड्यावर असतो तर हे इतकं शांतपणे लिहिता आलं नसतं.

२५ फेब्रुवारी, पॉनी

थंडीची चाचणी, उणे १३ अंश. नव्याने तोललेली काडतुसं रात्रभर गाडीच्या मागच्या भागात ठेवली होती, रायफलही. दोन्ही पावडरींच्या वरच्या आकड्याच्या जरा खालच्या भरण्या, प्रत्येकी दहा गोळ्या.

एच४३५०: सरासरी २,७४८, सगळ्यात कमी आणि जास्त यांत ३१ चा फरक.
७६०: सरासरी २,७०२, फरक ५८.

७६० चा फरक मला खटकला. बॉल पावडरच्या दाण्यावर लेपण जाड असतं, थंडीत ती पेटायला जड जाते. काही मॅन्युअलं तिच्यासाठी मॅग्नम प्रायमर सांगतात. पण प्रायमर बदलला की भरणी पुन्हा खालपासून सुरू करावी लागते, नुसता बदलून चालत नाही. तो खटाटोप जुलैचे आकडे बघूनच करायचा की नाही ते ठरवेन.

बोटांना इतकी कळ लागली होती की शेवटच्या पाच गोळ्यांचं निशाण मी धरतच नाही, फक्त वेग धरला.

१६ मार्च

क्लबातल्या एका वृद्ध सभासदांच्या घरून त्यांच्या मुलीने गॅरेजमधलं सामान दिलं. त्यात आयएमआर ४३५० चा अर्धा डबा, किती वर्षांचा कोण जाणे. झाकण उघडलं तर आंबूस, नाकाला झोंबणारा वास आणि झाकणाच्या आतून तांबूस धूळ. ही बिघडलेली पावडर. डब्यावर नाव असूनही आत तेच आहे याचीही खात्री नाही. एकदा फोडलेला, दुसऱ्याचा डबा मी चांगला असला तरी वापरत नाही.

बर्फ साफ केलेल्या मोकळ्या खडीवर पातळ रेघेत पसरली, लांब काडीने एका टोकाला पेटवली आणि मागे झालो. धडाका नाही. पिवळी ज्योत सुसू करत रेघेवरून चालत गेली, दिवाळीतला भुईनळा आडवा ठेवावा तशी. पाच-सहा सेकंदांत खडी काळी, बाकी काही नाही.

तिथे उभं राहून मला जळण्याचा वेग म्हणजे काय ते नीट समजलं. हीच पावडर बंद पुंगळीत दाब वाढला की जलद जळते, जलद जळली की दाब आणखी वाढतो, आणि हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागात होतं. थर्टी-ऑट-सिक्सची ठरलेली मर्यादा ६०,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. थंडी-उन्हाचा फरक म्हणजे या चक्राची सुरुवात थोडी हळू किंवा थोडी जलद होणं. आकड्यांत तो लहान दिसतो, दाबात तसा राहत नाही.

३१ मार्च

एल्कच्या शिकार-परवान्याच्या सोडतीचा अर्ज भरला. मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारची. बंदूक दोन महिने कपाटात.

१४ जुलै, पॉनी

३३ अंश, वारा जवळजवळ नाही. फेब्रुवारीच्याच भरण्या, त्याच लॉटच्या. काडतुसं सावलीत ठेवली. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून ‘उन्हाची चाचणी’ करणारे लोक मी पाहिले आहेत, ते मला मान्य नाही.

एच४३५०: सरासरी २,७६५. फेब्रुवारीपेक्षा १७ जास्त.
७६०: सरासरी २,८०१. फेब्रुवारीपेक्षा ९९ जास्त.

७६० च्या सहाव्या गोळीनंतर बोल्टची मूठ उचलताना अडली. फार नाही, एखाद्या दाराला पावसाळ्यात फुगवटा यावा तितकी. पुंगळी काढून बुडावर बोट फिरवलं तर एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) धरतो त्या जागेशेजारी चकचकीत गोल ठसा. पितळ दाबाने मागे वाहून इजेक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खुंटीच्या, भोकात गेलं होतं. सातवी मारली नाही. सातपासून दहापर्यंतची काडतुसं डबीत परत. म्हणजे वरची सरासरी सहाच गोळ्यांची.

घरी येताना हिशेब केला. मॅन्युअलमधला वेग २४ इंची नळीचा आहे. माझी २२ ची. दोन इंच आखूड नळीने ४०-५० फूट कमी यायला हवेत. ७६० ने मॅन्युअलचाच सगळ्यात वरचा वेग गाठला. तो जादा वेग नळीने दिला नाही, दाबाने दिला. घरी दाब मोजायचं यंत्र नसतं. क्रोनोग्राफ हाच आपला दाबमापक, आणि तो अपेक्षेहून चांगला आकडा दाखवतो तेव्हाच थांबायचं असतं.

२० जुलै

एच४३५० नक्की.

अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही लिहितो. १०० फूट वेगाच्या फरकाने ३०० यार्डांवर गोळी दीड-दोन इंच वर-खाली होईल. एल्क आपल्या सांबराहून मोठं जनावर, दोन इंचांनी ते चुकत नाही. मी २५० यार्डांपलीकडे चाप ओढत नाही, म्हणजे फरक त्याहूनही कमी. नेमबाजीच्या हिशेबाने ७६० वर काम चाललं असतं. आणि जो माणूस एकाच हवामानात निशाण मारतो, ज्याला तासाला शंभर काडतुसं मापयंत्रातून भरायची आहेत, त्याने ७६० जरूर वापरावी. एच४३५० चे लांब दाणे मापयंत्राच्या धारेत कचकन तुटतात आणि माप हलतं, म्हणून मला प्रत्येक भरणी तोलावी लागते. साठ काडतुसांना संध्याकाळ जाते.

पण ७६० ची भरणी फेब्रुवारीत निर्धोक होती आणि जुलैत नव्हती. कमी करून जुलैत निर्धोक केली तर ऑक्टोबरच्या पहाटे ती आणखी मंद आणि विस्कळीत होईल. प्रत्येक ऋतूला वेगळी डबी ठेवावी लागेल, आणि डोंगरात चुकीची डबी खिशात जायला एक घाईची पहाट पुरते. मला एक डबी हवी.

भरणी वरच्या आकड्यापासून एक ग्रेन खाली ठेवली. वेग साधारण २५ फूट गेला. त्याचं दुःख नाही.

८ सप्टेंबर, वॉल्डेन

कॅमेरॉन पासवरून उतरून नॉर्थ पार्कमध्ये. खिंड १०,२७६ फुटांवर, वॉल्डेन सुमारे ८,१०० वर. हवा विरळ म्हणून गोळी किंचित वर लागते, २०० यार्डांवर अर्धा इंचही नाही. दुर्बीण तशीच ठेवली. पहाटे ३ अंश, दुपारी २४, दोन्ही वेळा पाच-पाच गोळ्या. सरासरीत ६ फुटांचा फरक, जो एवढ्याशा गोळ्यांत असाही येतो. निशाणीवर सकाळ कुठली नि दुपार कुठली ते खडूने खूण केली नसती तर सांगता आलं नसतं.

२९ सप्टेंबर

हंगामाची भरणी: साठ काडतुसं, दोन रात्री. दुसरा डबा आज उघडला, झाकणावर तारीख लिहिली. लॉट तोच असल्याचं अनघाने मोठ्याने वाचून खात्री केली. दर दहांनी प्रमाण-वजन ठेवलं, सहाही वेळा ५०.० आलं. गोळी नळीतल्या खाचांपासून ०.०५० इंच मागे. या तांब्याच्या गोळ्यांना बनवणारे तेवढी मोकळीक द्यायला सांगतात.

साठही काडतुसं एकेक करून रिकाम्या अंगणात रायफलीत चढवून काढली, फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी पिन) काढलेल्या बोल्टने. एक अडलं, पुंगळीची मान किंचित वाकलेली होती. ते बाजूला टाकलं. एकोणसाठ.

६ ऑक्टोबर

काल मैदानात २६ अंशांत प्रॉन्गहॉर्न मिळालं, १४० यार्डांवर, एका गोळीत. बोल्टची मूठ लोण्यासारखी उठली. पुंगळीच्या बुडावर ठसा नाही.

डबीवरची चिठ्ठी आज नीट लिहून चिकटवली: पावडर, लॉट, गोळी, प्रायमर, पुंगळी कितव्यांदा भरली, तारीख, आणि खाली ‘फक्त मॉडेल ७०’. उरली अठ्ठावन्न. त्यांतली वीस वॉल्डेनच्या पिशवीत, बाकी कपाटात. एच४३५० चा अर्धा डबा शिल्लक आहे.